मद्रासची सुरूची बने

चेन्नईहून, म्हणजे पूर्वीच्या मद्रासहून, समुद्रकाठाने उत्तरेस वा दक्षिणेस गेल्यास वाळूत उभी असलेली सुरूची बने दृष्टीस पडतात. कोकणातून इकडे बदलून आलेल्या आमच्या वाचकांस हे झाड नवे नाही; तमिळ लोक त्यास ‘सवुक्कु’ म्हणतात. पुष्कळ जण त्यास पाइनच्या कुळातले समजतात. वस्तुतः त्याच्या सुया म्हणजे पाने नसून बारीक हिरव्या डहाळ्या होत, आणि पाइनशी त्याचे नाते नाही. तथापि कोवळ्या वनाच्या विरळणीचा विचार करताना या दोहोंची तुलना आम्हांस उद्बोधक वाटते.

दाट लावलेली झाडे वाढू लागली म्हणजे काही तोडून उरलेल्यांस जागा करून द्यावी लागते. उत्तर युरोपातील पाइनवनांत हे काम आता यंत्रे करतात. परंतु बारीक खोड धरून कापण्यास यंत्राला जाड खोडाहून फारसा कमी वेळ लागत नाही. लाकूड मात्र हाती थोडेच येते. त्यामुळे पहिली विरळणी पुष्कळदा आतबट्ट्याची होते.

आमच्या मते या हिशेबाचे मर्म कुऱ्हाड की यंत्र, यात नाही. बारीक लाकडास जवळ गिऱ्हाईक आहे की नाही, यात आहे. मद्रास इलाख्यातच याची दोन उदाहरणे सापडतात. मलबारात निलंबूर येथे कलेक्टर कॉनोली यांनी १८४० नंतरच्या दशकात सागाची लागवड आरंभिली व चातू मेनन यांनी ती नेटाने वाढविली. तेथील ओंडके हत्ती ओढीत आणि चालियार नदी समुद्राकडे नेई. ओंडक्यास हे ठीक. पण काठीएवढ्या वाशासाठी हत्ती जुंपणे कोणास परवडावे?

मद्रासच्या किनाऱ्यावर गोष्ट उलट होती. १ जुलै १८५६ रोजी रॉयपुरमहून वालाजा रोडपर्यंत आगगाडी धावली. त्याच वर्षी डॉ. क्लेगहॉर्न इलाख्याचे वनसंरक्षक झाले. दगडी कोळसा दूरचा, म्हणून इंजिने लाकूड जाळीत, आणि जुनी अरण्ये त्या भुकेस पुरती ना. शतकाच्या उत्तरार्धात किनाऱ्याच्या वाळूत सुरू लावली गेली, ती मुख्यतः या जळणासाठी. वखारवाल्यास जाड-बारीक सारखेच. फांदी विके, खणून काढलेले मूळही विके. बकिंगहॅम कालवा किनाऱ्याला लागूनच असल्याने जळाऊ लाकूड होड्यांतून शहरात येई. डोक्यावरची मोळी कालव्यापर्यंत आणली की काम झाले!

पुढे सिंगरेणीचा कोळसा आला आणि रेल्वेचे गिऱ्हाईक सुटले. शहराच्या चुली व बांधकामाच्या पराती यांनी सुरूस दीर्घकाळ तारले. नंतर गॅस घरोघर आला. आता तमिळनाडूतील कागदाच्या गिरण्या हे लाकूड लगद्यासाठी घेतात. शेतकरी सुरू दाट लावतात आणि थोड्याच वर्षांत सारे शेत एकदम तोडतात, त्यामुळे विरळणीचा प्रश्नच तेथे बहुधा उद्भवत नाही. तोडणीस मजूर मिळणे मात्र कठीण होत चालले आहे, आणि यंत्राचा विचार तेथे शिरतो आहे तो या वाटेने.