शिसे मोजण्याआधीची धुलाई
नमुन्यातले शिसे मोजायचे तर आधी प्रयोगशाळेतले शिसे घालवावे लागते, हे अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांना १९५०च्या सुमारास उमगले. खनिजांच्या बारीक कणांतले शिसे मोजताना त्यांचे आकडे अवाच्या सवा येत. धूळ, नळाचे पाणी, काचेची भांडी, विकतची आम्ले, अंगावरचे कपडे, सगळीकडून शिसे उतरत होते. त्यांनी भांडी आम्लात धुतली, पाणी आणि आम्ले शुद्ध करून घेतली, कॅलिफोर्नियातील कॅलटेक या संस्थेत गाळलेल्या हवेची खोली उभारली. १९५६ मध्ये त्यांनी उल्काशिळांमधील शिशावरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले.

मोजणीची रीत समस्थानिकांची होती: एका समस्थानिकाचे नेमके मोजलेले शिसे नमुन्यात मिसळायचे आणि वस्तुमान वर्णपटमापकावर दिसणाऱ्या गुणोत्तरावरून मूळचे शिसे काढायचे. तरीही यंत्रापेक्षा त्या धुण्यापुसण्यालाच अधिक श्रेय द्यावे लागेल. त्याच शिस्तीने तपासलेल्या ग्रीनलंडच्या बर्फात १९४० नंतर शिसे झपाट्याने वाढलेले आढळले. हे निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. या वाढीत मुख्य दोष पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या शिशाचा होता. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले.