रिकाम्या खाटांचा हिशेब

कोरोनाकाळातील निर्बंध कधी उठवावेत, या वादाचा इतिहास बहुधा व्यापारी आणि सरकार यांच्यातील ओढाताण म्हणून सांगितला जातो. जव्हार-मोखाड्याच्या बाजूने पाहताना मला त्यात वेगळाच प्रश्न दिसतो.

४ जून २०२१ रोजी राज्य शासनाने निर्बंध शिथिल करण्यासाठी पाच स्तर ठरवले. मोजमापे दोनच होती: चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या भरलेल्या खाटा. बाधित ५ टक्क्यांहून कमी आणि खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या असल्या तर पहिला स्तर, म्हणजे जवळपास पूर्ण मोकळीक. बाधित २० टक्क्यांच्या किंवा भरलेल्या खाटा ७५ टक्क्यांच्या वर गेल्या की पाचवा. १८९७च्या साथरोग कायद्याने प्लेगच्या काळात अधिकाऱ्यांच्या हाती मोकळे अधिकार दिले होते. त्या मानाने आकडे जाहीर करून निर्णय घेणे ही प्रगतीच होती.

पण आकडा कुठला? दहा लाखांहून अधिक वस्तीच्या महापालिका स्वतंत्र घटक ठरल्या. वसई-विरार त्यामुळे वेगळे झाले आणि उरलेला पालघर जिल्हा एकत्र मोजला गेला. तारापूर-बोईसरचे कारखाने, डहाणूचा किनारा आणि जव्हार-मोखाड्याचे पाडे यांची सरासरी एकच. २०११च्या जनगणनेनुसार या दोन तालुक्यांत सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे राहत होती. मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयातून जव्हारच्या कुटीर रुग्णालयात आणि तिथूनही पुढे जायचे तर नाशिक किंवा ठाणे गाठावे लागते. शहरात खाट रिकामी म्हणजे ताण कमी. इथे रुग्ण पोचलाच नाही, तरी खाट रिकामीच राहते.

दुसरी बाजूही तितकीच जड आहे. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी जव्हार राज्यभर चर्चेत आले. पुढे अंगणवाड्यांवर भर आला. गर्भवती आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून ताजे जेवण मिळू लागले. मार्च २०२० मध्ये अंगणवाड्या बंद झाल्या आणि जेवणाऐवजी शिधा घरी जाऊ लागला. घरी आलेला शिधा एकटीच्या ताटात पडत नाही, तो सगळ्यांच्या हंडीत जातो. आशा आणि अंगणवाडी सेविका तर कोरोनाच्या सर्वेक्षणात गुंतल्या होत्या. रुग्णालयावरचा एक भार टाळताना दुसरा वाढत होता आणि पाच स्तरांच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

म्हणून निर्बंध आधीच उठवायला हवे होते, असे मी म्हणणार नाही. जिथे पुढचे रुग्णालय घाटापलीकडे आहे, तिथे लाट आली असती तर सावरायला वेळच मिळाला नसता. डेल्टा प्लसच्या धास्तीने २५ जूनला शासनाने सर्वांसाठी किमान तिसरा स्तर लागू केला, त्यामागची भीती खोटी नव्हती.

वेगळी वाट दिसते ती जुलै २०२१ मध्ये. महिनाभर एकही रुग्ण नसलेल्या गावांत, ग्रामपंचायतीच्या ठरावाने, आठवी ते बारावीचे वर्ग १५ जुलैपासून सुरू करण्याची मुभा मिळाली. इथे मोजमापाचा घटक जिल्हा नव्हता, गाव होते. हाच न्याय अंगणवाडीच्या जेवणाला लावता आला असता. ३१ मार्च २०२२ रोजी मंत्रिमंडळाने सर्व निर्बंध उठवले. पुढच्या साथीत 'कधी उठवायचे' हे ठरवण्याआधी 'कुठले गाव धरून मोजायचे' हे ठरवावे लागेल.