मुंबई–लंडन हवाई अंतर व उड्डाणकाल

भूपृष्ठाच्या वक्रतेनुसार मोजलेले या दोन शहरांमधील किमान अंतर सुमारे ७,२०० किमी. (३,९०० सागरी मैल) भरते. सुएझ कालव्यातून जाणारा जलमार्ग साडेअकरा हजार किमी.च्या घरात जातो. थेट विमानास मुंबईहून लंडनला साडेनऊ ते दहा तास, तर परतीला नऊ तासांच्या आसपास लागतात. वेळापत्रकातील हा काळ विमान जागचे हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतचा असल्याने धावपट्टीवरील खोळंबाही त्यात येतो.

मार्ग : नकाशावरील किमान अंतराची रेषा सौराष्ट्र, बलुचिस्तान व इराणवरून जाते, तिचा मध्यबिंदू तिबिलीसीच्या थोडा दक्षिणेस पडतो. पुढे ती क्रिमिया व युक्रेन ओलांडते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमानांना मनाई केली. त्यामुळे प्रत्यक्ष मार्ग लांबतो. किती, ते त्या दिवशीच्या वाऱ्यांवर व परवानग्यांवर अवलंबून असते. पश्चिमेकडून वाहणारे अतिउंचीवरील वेगवान वारे जाताना सामोरे येतात, येताना पाठीशी असतात.

इतिहास : या अंतराचा विमानाशी संबंध प्रथम टपालामुळे आला. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजने लंडन–कराची सेवा सुरू केली. प्रवास सात दिवसांचा; त्यात बाझल ते जिनोआ हा टप्पा चक्क रेल्वेने, जिनोआहून सागरी विमानाने अलेक्झांड्रिया व पुढे बगदाद, बसरा, जास्क, ग्वादर असे मुक्काम होते. कराचीहून मुंबईकडे हवाई टपाल नेण्याची सोय १५ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. जे. आर. डी. टाटा ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ या एक-इंजिनी विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले, अहमदाबादला इंधन भरून जुहूला उतरले. पुढे मद्रासकडचे टपाल नेव्हिल विन्सेंट यांनी नेले. भारतीय हवाई वाहतुकीचा आरंभ बहुधा येथून धरतात. मात्र अलाहाबाद–नैनी हे टपाल-उड्डाण १९११ मधील आहे.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला निघाले आणि १० जूनला पोहोचले. या सेवेनिमित्त टपाल खात्याने २९ मे रोजीच बारा आण्यांचे तिकीट काढले होते. त्यावर हेच विमान आहे. संग्राहकांना ते परिचित असले, तरी उड्डाणाच्या वृत्तांतांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो. १९६० मध्ये बोइंग ७०७ आल्यावर प्रवास तासांत मोजला जाऊ लागला. थेट सेवा नंतरची.

अपघात : ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँवर आदळले (मृत ४८). त्याच पर्वतावर २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे एअर इंडियाचेच विमान कोसळून होमी भाभांसह ११७ जण दगावले. या विमानातील राजनैतिक टपालाची थैली २०१२ मध्ये तेथील बर्फात सापडली.

वेळेतील फरक : मुंबईचे घड्याळ लंडनच्या पुढे हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार तास असते.