एक ऑगस्टचे शिपाई

आमच्या घरात अंगोला हा देश नकाशातून आला नाही, मामांच्या तोंडून आला. मामा सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले. 1995 साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठी भारताने अंगोलात पायदळाची एक बटालियन आणि एक इंजिनिअर कंपनी पाठवली, त्या कंपनीत ते होते. काम रस्त्यांचं आणि पुलांचं. रात्री जेवणं उरकली की कोरेगावच्या ओसरीवर पानाचा डबा उघडायचा आणि मामा सुरू व्हायचे. मामींना त्या गोष्टी पाठ होत्या. मामा कुठे काही गाळायला लागले, तर त्या आतूनच आठवण करून द्यायच्या.

त्यातली एक गोष्ट मी सगळ्यात जास्त वेळा सांगायला लावली आहे. एका गावात शाळेच्या भिंतीला तेलाच्या ड्रमची लोखंडी कडी ठोकलेली, जाळी नाही. भिंतीवर गोळ्यांची भोकं. समोर तेवढं अंगण सुरुंगांपासून साफ केलेलं. कडेने चुन्याची रेघ आणि रेघेपलीकडे कवटी काढलेली पाटी, ‘पेरिगो मिनास’, सावधान, सुरुंग. पोरं अनवाणी बास्केटबॉल खेळत होती. चेंडू उसळून रेघेपलीकडे गेला, तशी सगळी जागच्या जागी थांबली. एकही पोर धावलं नाही. एकाने भिंतीला टेकवून ठेवलेली लांब काठी आणली, पालथं पडून चेंडू हळूहळू अलीकडे ओढला आणि खेळ पुन्हा सुरू. “काठी तयारच हुती रं,” मामा म्हणायचे. “म्हंजी रोजचंच आसनार.”

त्या पोरांतल्या एकाच्या अंगात विटका लाल-काळा बनियन होता. मामांनी दुभाष्याला विचारलं, तर तो म्हणाला, हा आमच्या फौजेच्या क्लबचा रंग.

तो क्लब म्हणजे लुआंडाचा ‘प्रिमेइरो दे आगोस्तो’, एक ऑगस्ट. अंगोलाच्या मुक्तिसेनेची स्थापना 1 ऑगस्ट 1974 ची. पोर्तुगीज गेले, 11 नोव्हेंबर 1975 ला देश स्वतंत्र झाला आणि 1 ऑगस्ट 1977 रोजी सैन्याने आपल्या वर्धापनदिनाच्या नावाने हा क्लब काढला. फुटबॉलही होता, पण आफ्रिकेत दबदबा झाला तो बास्केटबॉलमुळे. (अंगोलात पोर्तुगिजांविरुद्धचा लढा 1961 च्या फेब्रुवारीत पेटला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला. अंगोलाच्या लोकांना मात्र पुढे चौदा वर्षं लढावं लागलं आणि नंतर आपसातलं युद्ध 2002 पर्यंत पुरलं.)

मामांच्या छावणीवर अंगोलाचा एक अधिकारी यायचा. त्याची लाडकी गोष्ट 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकची. पहिलाच सामना अमेरिकेच्या ‘ड्रीम टीम’शी. अंगोला हरलं 116–48 ने. मध्ये तर अमेरिकेने 46 गुण केले तेवढ्यात यांचा जेमतेम एक झाला. अमेरिकेच्या चार्ल्स बार्कलीने अंगोलाच्या एर्लांदेर कोइंब्राला कोपर मारल्याची चर्चा जगभर झाली. पण तो अधिकारी गोष्ट इथून सुरूच करत नसे. तो आधी स्पेनचा सामना सांगायचा. यजमान स्पेनला, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर, अंगोलाने 83–63 असं हरवलं होतं! अमेरिकेचा सामना नंतर, तोही हसत हसत. याच अमेरिकेने ‘युनिता’च्या बंडखोरांना वर्षानुवर्षं शस्त्रं पुरवली होती, हे तो सांगायचा नाही. मामांना ते ठाऊक होतं.

त्या ऑलिंपिकच्या वेळी अंगोलात तात्पुरती शांतता होती. सप्टेंबर अखेरीस निवडणूक झाली, निकाल युनिताने मानला नाही आणि ऑक्टोबर संपायच्या आत लुआंडाच्या रस्त्यांवर गोळीबार सुरू झाला.

अशा देशात खेळ टिकला कसा? मामांचं उत्तर ठरलेलं. “आरं, सैन्य म्हंजी रेशन. पोराला सकाळी दूध-अंडी, येळंवर जेवान, म्हयन्याला पगार. वर शिस्त. खेळ आपसूक व्हतो.” पहिल्या अर्ध्याशी मी सहमत आहे. आपल्याकडचं बास्केटबॉलही कितीतरी वर्षं सेनादल आणि रेल्वे यांच्याच पगारावर जगलं. ज्या देशात दुकानं रिकामी होती, तिथे गणवेश, जेवण आणि व्यायामशाळा देऊ शकणारं खातं म्हणजे सैन्यच.

पण शिस्तीचं मला पटत नाही. केनियाच्या सैन्याचा उलिंझी, रवांडाचा एपीआर, कॅमेरूनमध्ये सैन्य आणि पोलिसांचा एफएपी, हे सगळे वर्दीवाल्यांचेच संघ आहेत. पहाटे शिट्टी तिथेही वाजते. मग आफ्रिकेच्या क्लब स्पर्धेची नऊ विजेतेपदं एकट्या लुआंडाच्याच शिपायांकडे कशी? माझ्या मते श्रेय आधी प्रशिक्षकाचं. व्हितोरिनो कुन्या यांनी या क्लबाला घडवलं, बार्सिलोनाचा राष्ट्रीय संघही त्यांचाच. उंचीत कमी पडणारी माणसं घेऊन त्यांनी वेग, दबाव आणि लांबून नेम यांवर खेळ बांधला. आज क्लबाच्या सभागृहाला त्यांचंच नाव आहे, कुठल्या जनरलचं नाही. त्याच क्लबातून झां-झाक कोन्सेइसांव पुढे पोर्तुगालच्या बेनफिकाकडे आणि फ्रान्सच्या लिमोझकडे गेला, आणि जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या सन्मानदालनात पोहोचला.

दुसरं श्रेय शेजारच्या वैऱ्याचं. लुआंडातच पेत्रो हा सरकारी तेल कंपनीचा क्लब. एकाकडे संरक्षणखात्याचे पैसे, दुसऱ्याकडे तेलाचे. खरं पाहिलं तर दोन्ही थैल्या एकाच तिजोरीतल्या, आणि त्या तिजोरीतून सामान्य अंगोलावाल्याच्या नळाला पाणी मात्र येत नव्हतं. हे खटकतं आणि खटकायलाच हवं. तरीही दोघांच्या ईर्ष्येने खेळाचा दर्जा चढत गेला, हेही नाकारता येत नाही. 2006 च्या विश्वचषकात जर्मनीला अंगोलाने तीन जादा डावांपर्यंत झुंजवलं. डर्क नोविट्स्कीला 47 गुण करावे लागले तेव्हा जर्मनी 108–103 ने सुटली. त्या अंगोलाच्या संघात मिगेल लुतोंदा आणि जोआकिम गोमेश ऊर्फ किकाश हे फौजेच्या क्लबचे मोहरे होते.

फेब्रुवारी 2002 मध्ये युनिताचा नेता साविंबी मारला गेला, एप्रिलमध्ये शस्त्रसंधी झाली. एक ऑगस्टने आफ्रिकेचं पहिलं विजेतेपद त्याच वर्षी मिळवलं. मामा म्हणत, “लढाई थांबल्यावर शिपाई जिंकाया लागले.” पुढे 2007 ते 2010 सलग चार, आणि नववं 2019 ला. त्यानंतर बास्केटबॉल आफ्रिका लीग आली. 2024 ला तिचा करंडक लुआंडात आला खरा, पण पेत्रोकडे. फौजेच्या क्लबकडे 2019 नंतर आफ्रिकेचं एकही विजेतेपद आलेलं नाही.