झिंझोटी आणि बँड

वरातीपुढे बँड नसला तर लग्न यथासांग झाले असे आमच्या खानदेशात कोणास वाटत नाही. जळगाव काय, धुळे काय, डगले घातलेली ही मंडळी रस्ता अडवून उभी राहिली म्हणजे वाटसरूही मुकाट्याने बाजूस होतो. सनईवाला जी जागा सहज घोळवून घेतो, ती पितळी वाद्यावर निघत नाही; म्हणून क्लॅरिओनेटवाला सूर पुढे धरतो, बाकीचे त्याच्या मागून जातात, आणि उरलेली उणीव ढोल भरून काढतो. युरोपीय वाद्यवृंदात निरनिराळी वाद्ये एकाच वेळी निरनिराळे स्वर धरून सुसंवाद साधतात, तो प्रकार येथे नाही; आणि वरातीत त्यावाचून कोणाचे अडतही नाही. परंतु आपली चाल बँडवर बसते की नाही, हाच प्रश्न एकदा देशाच्या घटना समितीपर्यंत गेला होता, आणि त्याचे उत्तर देण्यास एक मराठी गवई पुढे झाला होता. ते मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर.

जळगावकरांस हे घराणे अपरिचित नाही. बालगंधर्वांनी गायनाचे आरंभीचे धडे जळगावातच महबूबखाँ यांच्यापाशी घेतले होते, आणि शहरातील खुल्या नाट्यगृहास त्यांचेच नाव आहे. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीस चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले. पुढे ती जबाबदारी बुवांचे शिष्य कृष्णराव यांजकडे आली. कृष्णरावांचा जन्म १८९८ साली आळंदीस झाला. ‘कान्होपात्रा’ (१९३१) या नाटकाच्या चाली त्यांच्या. ‘प्रभात’चे ‘गोपालकृष्ण’ (१९३८) व ‘शेजारी’ (१९४१) हे बोलपट, तसेच रांगणेकरांचे ‘कुलवधू’ (१९४२) हे नाटक, यांचे संगीतही त्यांचेच. गवयाची विद्या आणि सर्वसामान्य श्रोत्याचा कान यांच्यामध्ये उभे राहून दोघांसही पुरे पडेल अशी चाल बांधणे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम होते. ‘रागसंग्रहमाले’त त्यांनी बंदिशी स्वरलिपीत उतरवून ठेवल्या, यावरून गायलेले सूर कागदावर आणण्याची सवय त्यांस होती, हे ध्यानात यावे.

‘वंदे मातरम्’ला त्यांनी झिंझोटी रागाची चाल दिली. निवड विचाराची होती. झिंझोटी हा खमाज थाटातला, मंद्र सप्तकात रमणारा राग. गळा फार उंच न्यावा लागत नाही, आणि हजारो माणसे एका सुरात गाऊ शकतात. पारतंत्र्याच्या काळी मुंबईच्या नभोवाणी केंद्रावर त्यांनी हे गीत आरंभिले असता ध्वनिक्षेपक बंद करण्यात आला, तेव्हा त्यांनी नभोवाणीवरच बहिष्कार घातला. तो स्वातंत्र्य येईपर्यंत टिकला. एका चालीसाठी उत्पन्नाचे व प्रसिद्धीचे एवढे मोठे दार आपणहून लावून घेणारा कलावंत विरळा.

स्वातंत्र्य आल्यावर निराळीच अडचण उभी राहिली. १९४७ साली न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या सभेत भारताच्या प्रतिनिधींकडे वाद्यवृंदावर वाजविण्यासाठी राष्ट्रगीत मागण्यात आले. त्यांच्याजवळ ‘जनगणमन’ची ध्वनिमुद्रिका होती, तीवरून वाद्यवृंदाने ते बसविले व ते लोकांस आवडले. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी हा वृत्तांत सांगून ‘वंदे मातरम्’ची चाल वाद्यवृंदास सोयीची नाही, असे मत मांडले. हेच नेहरू डिसेंबर १९३६ मध्ये आमच्या फैजपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष होते. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. मंडप नंदलाल बोसांनी ग्रामीण साहित्याने सजविला होता आणि अध्यक्षांची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली होती. तेथे खेड्याने जगाला आपले रूप दाखविले. न्यूयॉर्कात जगाच्या वाद्यांवर आपण कसे ऐकू येतो याची चिंता पडली. दोन्ही गोष्टी त्या त्या जागी योग्यच होत्या, असे आम्हांस वाटते.

कृष्णरावांनी हा आक्षेप अपमान म्हणून घेतला नाही, कामगिरी म्हणून घेतला. मुंबईस जाऊन गार्डनर या बँडप्रमुखाचे साहाय्य त्यांनी घेतले, चालीस संचलनाची गती दिली, ती पाश्चात्त्य स्वरलेखनात आणविली, आणि घटना समितीच्या सभासदांपुढे प्रात्यक्षिकेही केली.

आता आक्षेपात संगीताच्या दृष्टीने तथ्य किती होते? काही होते, असे आमचे मत आहे. ‘जनगणमन’ मुख्यतः शुद्ध स्वरांवर, म्हणजे बिलावलाच्या सप्तकावर उभे आहे. युरोपीय वाद्यांचे ते घरचे सप्तक. त्यांच्या सुसंवादात शुद्ध निषाद षड्जाकडे ओढ घेतो व त्या ओढीवर सगळी इमारत रचलेली असते. झिंझोटीचा कोमल निषाद ती ओढच सैल करतो. शिवाय त्या रागाचे माधुर्य स्वरास्वरांमधल्या वाटेत आहे. मींड काढून घेतली की सांगाडा उरतो. म्हणून कृष्णरावांस आपल्याच चालीतील काही लाडके वळण सोडावे लागले असणार, आणि कोणत्याही रचनाकारास याहून कठीण काम नाही. तथापि जे साधणारच नव्हते असे सांगितले जात होते, ते त्यांनी बँडवर वाजवून दाखविले. तेव्हा अडचण केवळ वाद्यांची नव्हती. गीताच्या पुढील कडव्यांवरून वाद जुनाच होता. १९३७ साली काँग्रेसने पहिली दोनच कडवी गावीत असे ठरविले होते. ती अडचण झिंझोटीने सुटणारी नव्हती, आणि गवयाने सोडवावी अशी अपेक्षाही कोणी करू नये. निर्णय राजकीय असता त्यास केवळ संगीताचे कारण पुढे केले गेले काय, ही शंका मात्र आमच्या मनातून जात नाही.

२४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांनी घटना समितीत निवेदन केले: ‘जनगणमन’ राष्ट्रगीत, आणि ‘वंदे मातरम्’ला समान मान. ते कोणत्या चालीत गावे, याविषयी त्यात काही नव्हते. पुढे आकाशवाणीवर पहाटे ऐकू येऊ लागली ती देस रागाच्या वळणाची निराळी चाल. कृष्णराव १९७४ साली वारले. त्यांची झिंझोटी ऐकावयाची तर ध्वनिमुद्रिका शोधावी लागते.