खिळ्यांचा खेळ आणि ‘शॅडो’चे दोन खंजीर

पिनबॉल हा शब्द आपल्याकडे फारसा रुळला नाही, पण त्याचा पूर्वज अनेक मराठी घरांत होता. उतरती फळी, तिच्यावर ठोकलेले खिळे, खळ्यांभोवती लिहिलेले गुण आणि गोटी उडवणारा दट्ट्या. त्याला आपण बॅगाटेल म्हणत असू. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये वाढलेल्या या खेळाला स्प्रिंगचा दट्ट्या बसवण्याचे पेटंट अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह याने 1871 साली घेतले. नावातले ‘पिन’ म्हणजे हेच खिळे.

या खेळाच्या इतिहासात एक जुना वाद आहे. हा नशिबाचा खेळ की कौशल्याचा? 1994 साली निघालेल्या आणि लवकरच मागे पडलेल्या ‘द शॅडो’ या यंत्राने या वादाला दिलेले उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे.

आधी वादाची पार्श्वभूमी पाहू. 1931 साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब यांनी ‘बॅफल बॉल’ हे यंत्र बाजारात आणले. मंदीच्या काळात एका नाण्यात करमणूक देणारा हा खेळ झपाट्याने पसरला. मात्र एकदा दट्ट्या सोडला की खेळाडूने करण्यासारखे फारसे काही उरत नसे. फार तर यंत्राला हलकेच धक्का द्यायचा. तोही जास्त झाला की ‘टिल्ट’ होऊन डाव संपे. साहजिकच हा जुगार ठरला. 1942 साली न्यूयॉर्कमध्ये बंदी आली आणि महापौर ला ग्वार्डिया यांनी जप्त केलेली यंत्रे हातोड्याने फोडून घेतली.

कलाटणी मिळाली ती 1947 साली. गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात हॅरी मॅब्स यांनी फ्लिपर बसवले. बटण दाबताच उसळणाऱ्या या छोट्या दांड्यांमुळे खाली येणारा चेंडू परत वर मारता येऊ लागला आणि खेळाडूच्या हाताला काम मिळाले. कायद्याला हे समजायला आणखी पाव शतक लागले. 1974 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने पिनबॉल हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. 1976 साली रॉजर शार्प या पत्रकाराने न्यूयॉर्कच्या नगरसभेच्या समितीसमोर यंत्र खेळून दाखवले. चेंडू कोणत्या वाटेने जाईल ते त्याने आधी सांगितले, दट्ट्या ओढला, आणि चेंडू तसाच गेला. तिथली बंदी उठली. हेच शार्प पुढे विल्यम्स कंपनीत दाखल झाले. 1988 नंतर बॅली हे नावही याच कंपनीकडे आले आणि ‘शॅडो’ त्याच नावाखाली निघाले.

‘शॅडो’ हा मूळचा 1930 च्या दशकातल्या अमेरिकी रेडिओचा आणि स्वस्त मासिकांचा नायक. ऑर्सन वेल्स यांनीही काही काळ त्याला आवाज दिला होता. 1994 च्या उन्हाळ्यात अ‍ॅलेक बाल्डविन यांना घेऊन त्याच्यावर चित्रपट निघाला, पण तो अपेक्षेइतका चालला नाही. यंत्र चित्रपटाच्या नावाशी बांधलेले होते, त्यामुळे त्याच्या अपयशाची सावली यंत्रावरही पडली.

चित्रपटात एक जिवंत खंजीर आहे. त्याचे नाव ‘फुर्बा’. ही मूळची तिबेटी बौद्ध विधींतली तीनधारी खुंटी. दुष्ट शक्तींना जमिनीशी जखडून ठेवायचे, हा तिचा अर्थ. तिचे संस्कृत नाव ‘कील’, म्हणजे आपल्या ‘खिळ्या’चेच मूळ. खिळ्यांवरून नाव पडलेल्या खेळात कील यावी हा योगायोगच, पण यंत्राचे रचनाकार ब्रायन एडी यांनी तिला दिलेले काम योगायोगाचे नाही.

यंत्रावर दोन रॅम्प आहेत. इतर यंत्रांत रॅम्पवर चढलेला चेंडू कुठे उतरणार हे बहुधा यंत्र ठरवते. इथे प्रत्येक रॅम्पच्या माथ्यावर खंजिराच्या आकाराचा एक फाटा आहे आणि तो वळवण्यासाठी फ्लिपरच्या बटणाखेरीज वेगळे बटण आहे. सुमारे 80 ग्रॅम वजनाचा पोलादी चेंडू वर चढत असतानाच तो डावीकडे जावा की उजवीकडे, हे खेळाडूने ठरवायचे. वरच्या बाजूला ‘बॅटलफील्ड’ नावाचे छोटे मैदान आहे. तिथे फ्लिपर नाहीत. आडवी सरकणारी एक पट्टी बटणांनी हलवून चेंडू अडवायचा आणि समोरच्या अडथळ्यांवर मारायचा.

कॅलिफोर्नियातल्या एका संग्रहालयात हे यंत्र मी सलग काही तास खेळलो. पहिला तास निव्वळ हार. चेंडूवर नजर ठेवावी तर खंजीर विसरतो, खंजिराकडे पाहावे तर फ्लिपर उशिरा उठतो. हळूहळू फटका मारण्याआधीच वाट ठरवण्याची सवय लागते. मग चेंडू वळणावरून नेमका हव्या त्या फ्लिपरकडे येतो आणि पुढचा फटका आधीच मनात तयार असतो. एरवी चेंडू गेला की नशिबाला बोल लावता येतो. इथे ती सोय फार कमी आहे, कारण चूक बहुतेक वेळा आपल्याच बोटांची असते.

मग हे यंत्र मागे का पडले? ते खपले नाही, म्हणजे चांगले नव्हते, हा तर्क आकड्यांपुढे टिकत नाही. 1992 च्या ‘अ‍ॅडम्स फॅमिली’ची 20,270 यंत्रे निघाली, ‘शॅडो’ची 4,247. पण याच एडींची पुढची ‘अटॅक फ्रॉम मार्स’ (1995) 3,450 आणि ‘मिडीव्हल मॅडनेस’ (1997) 4,016 निघाली. म्हणजे ‘शॅडो’ची संख्या या दोन्हींहून जास्त आहे. ही दोन्ही यंत्रे आज सर्वश्रेष्ठांत गणली जातात आणि त्यांच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या. घसरत होता तो सगळा बाजारच. घरातल्या व्हिडिओ गेमने दुकानातली नाणी पळवली आणि 1999 साली विल्यम्सने पिनबॉलचा विभागच बंद केला.

खरा फरक स्वभावाचा आहे. ‘मिडीव्हल मॅडनेस’मध्ये मैदानाच्या मध्यभागी किल्ला आहे. तो फोडायचा, हे नवख्यालाही एका नजरेत कळते आणि पहिल्याच नाण्यात काहीतरी पदरात पडते. ‘शॅडो’ आधी शिकायला लावते, मगच हाती काही देते. नाण्यावर चालणाऱ्या धंद्यात हा गुण तोट्याचाच.

तरीही खेळाचा इतिहास केवळ लोकप्रियतेने लिहिला, तर एक दुवा निसटतो. 1942 साली पिनबॉलवर आरोप होता की खेळाडूच्या हाती काहीच नसते. त्यानंतर बावन्न वर्षांनी आलेल्या या यंत्राने त्याच्या हाती इतके दिले, की अनेकांना ते पेलले नाही.