हृदयगती-दर्शन, संगणकनियंत्रित (प्रायोगिक प्राण्यांतील)

प्रयोगशाळेतील प्राण्याच्या हृदयाचे ठोके संवेदकाने टिपून, संगणकाकरवी मोजून, दर मिनिटाच्या आकड्यात व आलेखात पडद्यावर दाखवण्याची पद्धत.

भूल दिलेल्या प्राण्याच्या पायांत त्वचेखाली बारीक सुया खोचून हृदयाचा विद्युत्-संदेश घेतात. तो जेमतेम मिलिव्होल्टभर असतो. तो वर्धकातून मोठा करून सेकंदाला हजार किंवा अधिक वेळा संगणकात नोंदवला जातो. ठरवलेल्या उंचीवर गेलेले प्रत्येक टोक म्हणजे एक ठोका. दोन टोकांमधील मिलिसेकंदांनी ६०,०००ला भागले की हृदयगती मिळते. रॅटची गती साधारण ३५०, माउसची ५०० ते ७००. माउसच्या दोन ठोक्यांत जेमतेम १०० मिलिसेकंद असल्याने १०ची चूकही ६००चे ५४५ करते. उंचीची मर्यादा चुकीची लावली तर स्नायूंची थरथरही ठोक्यांत मोजली जाते, म्हणून आकड्याशेजारी मूळ लहर दिसलीच पाहिजे. नुसता आकडा दाखवणारे यंत्र अध्यापनासाठी घेऊ नये. केटामिन-झायलाझिनच्या भुलीत गती बरीच उतरते. भुलीचे औषध न नोंदवता दिलेला आकडा निरुपयोगी.

संगणक येण्यापूर्वी भारतभर शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळांत कायमोग्राफचे राज्य होते. कार्ल लुडविग यांनी १८४७मध्ये आणलेल्या या यंत्राच्या ढोलावर काजळी धरलेला गुळगुळीत कागद असे. बेडकाच्या हृदयाला हुकाने दोरा अडकवून तो तरफेला बांधत आणि तरफेचे टोक काजळीवर पांढरी रेघ ओढी. ढोल सेकंदाला २.५ मिमी. सरकत असेल, तर ७५ मिमी.मधील शिखरे मोजून दुप्पट करायची. मग कागद लाखेच्या द्रावणात बुडवून वाळवायचा. हात काळे होत, पण ठोका कुठून मोजला हे विद्यार्थ्याला दिसे.

२०१४मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने पदवी शिक्षणातील प्राणिप्रयोगांऐवजी संगणकाधारित अध्यापनाला वाट करून दिली. पुदुच्चेरीच्या जिपमेर या वैद्यकीय संस्थेत रवींद्रन यांनी तयार केलेले ‘एक्सफार्म’ हे त्यासाठी वापरले जाणारे एक सॉफ्टवेअर. यातही हृदयगती संगणकावर दिसते, मात्र तेथे मोजमाप होत नाही. औषध निवडताच आधीच ठरवलेला आलेख उमटतो. ॲड्रेनॅलिनने गती वाढते हे शिकवायला तो पुरतो. एकाच मात्रेला दोन प्राणी वेगळा प्रतिसाद देतात, हे मात्र त्यातून कळत नाही.